दाजींचं घड्याळ

लष्करी इस्पितळ, मुंबई
ता. ९ फेब्रुवारी १९४४

ती. दादांना अर्जुनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी दुसऱ्यांदा वल्हं उचललं तेव्हा दाजींनी हात आडवा धरला नाही. पहिला फटका कानावर बसला होता. कानातून रक्त येत होतं, तरी ते सुकाणूचा दांडा सोडत नव्हते. दुसरा डोक्यात बसला. ते होडीच्या काठावर पालथे पडले. चांदसाहेबानं त्यांचे पाय धरले होते, ते सोडले. होडी कलली आणि दाजी पाण्यात गेले. एकदा वर आले. मी वल्हं पुढं केलं नाही.

दादा, बनुअक्काचं कुंकू मी माझ्या हातानं पुसलं. तिला तार गेली आहे की सयाजीराव बेपत्ता आहेत. ते बेपत्ता नाहीत.

हे पत्र डाकेत टाकत नाही, तिथं पत्रं फोडून वाचतात. आप्पासो नावाचा इथला कारकून सुटीवर मिरजेला निघाला आहे, त्याच्या हाती देतो. वाचून जाळावं.

जहाज दोन जानेवारीला पहाटे फुटलं. दाजी खाली भट्टीवर होते. वाफेनं पाठ सोलून निघाली तरी वर आले. एका होडीत आम्ही सोळा जण. आमच्यात एक तरुण साहेब होता, दर्यावरची वाट काढणारा. सूर्याची उंची मोजायचं यंत्र त्यानं पोटाशी धरून आणलं होतं. त्याचं घड्याळ मात्र खाऱ्या पाण्यानं बंद पडलं. होडीत चालू घड्याळ एकच, दाजींचं, लग्नात आपण दिलेलं. मेणकापडात गुंडाळून ते गळ्यात बांधत. साहेबानं विचारलं की हे कशावरून लावलं. दाजी म्हणाले की ताकारी स्टेशनच्या घड्याळावरून, आणि आठवड्याला अर्धं मिनिटसुद्धा चुकत नाही. साहेबानं तसं वहीत लिहून घेतलं.

तुम्ही मास्तर आहात, म्हणून सांगतो. दुपारी सूर्य माथ्यावर येताना वर चढायचा थांबतो आणि बराच वेळ हलत नाही. नेमका कुठल्या मिनिटाला तो सर्वांत वर होता ते डोळ्याला कळत नाही. म्हणून साहेब तासभर आधी उंची मोजी. मी घड्याळ बघून वेळ लिही. मग यंत्राचा स्क्रू आवळून ठेवायचा आणि वाट बघायची. सूर्य उतरताना पुन्हा त्याच उंचीवर आला की मी परत वेळ लिही. दोन्ही वेळांच्या मधली वेळ ती खरी माध्यान्ह. ती आपल्या घड्याळात किती वाजता झाली यावरून आपण पूर्वेला किती, पश्चिमेला किती ते निघतं. चार मिनिटांचा फरक म्हणजे साठ मैल. दुसरी वेळ लिहून झाली की पाणी वाटायचं, माणशी डबीच्या झाकणाइतकं. त्यामुळं सगळे त्या यंत्राकडं बघत बसत. साहेबाला जरा वेळ लागला तरी शिव्या देत.

दक्षिणोत्तर आम्ही मिनिकॉय बेटाच्या रेषेवर आलो होतो, आता वाऱ्याबरोबर सरळ पश्चिमेला गेलं की ते लागायचं. ते काम साहेबानं जिवंत असताना केलं. अकराव्या दिवशी तो मेला. सगळे त्याला पाण्यात सोडत होते तेव्हा दाजींनी पाण्याच्या पिंपाचं बूच काढलं. चांदसाहेबानं पाहिलं. चांदसाहेब सांगलीचा, दाजींच्याच भट्टीवरचा, एका ताटात जेवणारा. त्यानंच त्यांचे पुढचे दोन दात पाडले. मी बघत होतो. सोडवलं नाही.

यंत्र माझ्याकडं आलं, घड्याळही मी काढून घेतलं. भोगीच्या दिवशी मधली वेळ काढली. हिशेब असा आला की वाऱ्यानं आम्हाला बेटाच्या पलीकडं एकशेदहा मैल पश्चिमेला नेलं आहे. मी शीड उतरवायला सांगितलं. वाऱ्याच्या तोंडावर वल्ही मारत मागं जायचं. तेव्हा दाजी म्हणाले की अर्जुना, घड्याळ धा मिनिटं पुढं हाय रं, बेट आजून म्होरंच हाय, शीड उतरवू नगंस. मी विचारलं की मग साहेबाला खोटं का सांगितलंत. चोर आता अक्कल शिकवतोय म्हणून कुणी थुंकलं. तोंडात थुंकी कुणाच्या नव्हती, नुसता आवाज आला. मग दाजींनी सुकाणूचा दांडा धरला, आणि पुढचं वर लिहिलं आहे.

तेव्हा आम्ही अकरा होतो. नंतर सात दिवस वल्ही मारली. एका जहाजानं उचललं तेव्हा चार होतो. चौकशीत मी आणि चांदसाहेबानं सांगितलं की सयाजीरावांचं काय झालं ते आम्ही पाहिलं नाही.

अक्काला काय लिहू ते कळवावं. या पत्रानंतरही मला धाकटा भाऊ समजत असाल तर तेवढी एक ओळ आधी लिहावी.

आपला,
अर्जुना

●

सांगली
ता. १६ फेब्रुवारी १९४४

चि. अर्जुनास नाथाजीचे अनेक आशीर्वाद.

तू माझा धाकटा भाऊ आहेस. ती ओळ झाली.

पत्र जाळलं. हे तुझ्या त्या कारकुनाच्याच हाती परत धाडतो. वाचून झाल्यावर शाळेत गेलो आणि तिसरीच्या वर्गाला दुसरीचं पुस्तक शिकवून आलो. पोरांनी सांगितलं नाही. त्यांना सोपं पडलं.

बनूला काही लिहू नकोस. ती कडेगावात आहे, सासरी आहे, आणि त्या घरात जोतीराम आहे. तू गेलास तेव्हा हा सयाजीरावांचा धाकटा भाऊ मिसरूड फुटलेला पोर होता. आता तो भूमिगत आहे, उसात राहतो. जवळ बंदूक आहे म्हणतात, कोयता तर मीच पाहिला. त्याला धरायला आलेल्या पोलिसांनी त्याच्या म्हाताऱ्या बापाला तीन दिवस चौकीत ठेवलं आणि मिशीचा एकेक केस उपटला. म्हातारा आता तोंडाला धोतराचा सोगा लावून बसतो. जोतीरामनं मग खबऱ्या म्हणून एकाला फडात नेऊन त्याचे दोन्ही गुडघे दगडानं फोडले. आठ दिवसांनी कळलं की खबर त्या माणसानं दिलीच नव्हती. मी जोतीरामला विचारलं. तो म्हणाला की मास्तर, मग त्यानं आदी बोलायचं हुतं.

अशा माणसापुढं तू तुझं पत्र ठेवणार का? तो तुला कापील, आणि बनूला त्याच घरात त्याच्याच ताटात भाकरी वाढत जन्म काढावा लागेल. सरकार बेपत्ता म्हणतं, ते तसंच राहू दे. बेपत्ता माणसाच्या बायकोला कुंकू लावता येतं.

हे बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही. तू जिवंत राहावंस एवढंच आहे. वहिनी म्हणते की इस्पितळात बार्ली पाजून माणसाचं पीठ करतात, तर भाकरीसाठी भांडावं. लहानपणी पाटीवरचं गणित चुकलं की तू पाटीच फोडायचास. आता तसं काही करू नकोस. बनू तुला पत्र लिहिणार आहे. जपून उत्तर दे.

मनात आठवण ठेवून आहेच, तूही ठेव.

तुझा,
नाथाजी

●

कडेगाव
ता. २० फेब्रुवारी १९४४

चि. अर्जुनास बनुअक्काचे लय लय आशीर्वाद.

तुझ्या जिवाला आराम पडला हे दादांकडून कळलं. माझी अक्षरं मुंग्यांसारखी येतात म्हणून हसू नकोस. मला शिकवणारा मास्तर दादाच आहे, त्याला हस.

इकडं गुऱ्हाळ संपत आलं. तुझ्यासाठी काकवीचा तांब्या बांधून ठेवला आहे. थोरल्या बैलाच्या खांद्याला जखम झाली, त्यात किडे पडले होते. जोतीरामभावजींनी तापलेल्या सळीनं डागलं. बैल ओरडला नाही, मीच ओरडले. मामंजी कुणाशी बोलत नाहीत. पोलीस दोनदा येऊन कणग्या फोडून गेले. दुसऱ्या खेपेला मला केसांना धरून उंबऱ्याबाहेर आणलं. जास्त काही केलं नाही. हे दादांना कळवू नकोस.

हळदीकुंकवाला बायका बोलावतात आणि माझ्या कपाळाकडं बघत राहतात. लावावं की नाही हे त्यांना कळत नाही. मी म्हणते की लावा.

अर्जुना, तू त्याच जहाजावर होतास. जहाजाचं लिहू देत नसतील तर लिहू नकोस. हे आहेत की नाहीत, नुसतं व्हय किंवा न्हाई एवढं लिही. तारेत बेपत्ता म्हटलं आहे. हे बेपत्ता कसे होतील? हे रस्ता विचारायला न लाजणारे. फक्त गाडीची वेळ यांना कधी साधली नाही. मागच्या सुटीत गाडी चुकली, दोन दिवस उशिरा हजर झाले आणि चौदा दिवस कोठडीत बसले, ते तुला ठाऊक नसेल. म्हणून या खेपेला ताकारीच्या फलाटावर मी स्वतः घड्याळ स्टेशनच्या घड्याळाला लावलं आणि वर दहा मिनिटं पुढं केलं. माझ्या गळ्याची शपथ घातली की काटा हलवायचा नाही. हे म्हणाले की हलवत नाही, पण तूही कुठं बोलू नकोस, बायको घड्याळ लावून देते असं कळलं तर बराकीत जगणं कठीण करतील. तुला सांगते आहे. चेष्टा करशील तर याद राख.

तू आलास की एकदा जाऊन त्या कचेरीत नीट विचारू. तोवर जिवाला जप.

तुझी माया अशीच अंगाला लागून राहू दे.

तुझी,
अक्का

●

लष्करी इस्पितळ, मुंबई
ता. ४ मार्च १९४४

सौ. अक्कास

मी वर सौ. लिहिलं आहे. हे पत्र वाचून झाल्यावर तसं लिहिता येणार नाही, म्हणून आत्ता लिहिलं.

दाजी भोगीच्या दिवशी गेले. मी त्यांना मारलं. वल्ह्यानं, दोन फटके. कानावर आणि डोक्यात. मग ते दर्यात पडले आणि मी त्यांना ओढून घेतलं नाही.

होडीत त्यांचंच घड्याळ होतं. सूर्य माथ्यावर यायची वेळ त्या घड्याळात बघून होडी कुठं आहे ते काढायचं, हे काम माझ्याकडं होतं. घड्याळ पुढं असेल तर सगळं चुकतं. ते आधी म्हणाले होते की घड्याळ स्टेशनवर लावलेलं आहे. भोगीच्या दिवशी म्हणाले की दहा मिनिटं पुढं आहे. आदल्या दिवशी त्यांनी पाणी चोरलं होतं, म्हणून कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. ते खोटं बोलतात असं मला वाटलं नाही, अक्का. मला तहान लागली होती, आणि मी काढलेला हिशेब त्यांनी सगळ्यांसमोर चूक म्हटला, याचा राग आला होता. हे मी दादांना लिहिलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी नौदलाच्या कचेरीत जाऊन नकाशा मागितला. वहीतल्या दोन्ही वेळांतून दहा मिनिटं वजा केली. दहा मिनिटांचे दीडशे मैल. बेट आमच्या मागं नव्हतं. पुढं चाळीस मैलांवर होतं, वारा पाठीत होता. शीड तसंच ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिथलं दीपगृह दिसलं असतं. मी होडी उलटी फिरवली. पुढच्या सात दिवसांत आणखी सहा मेले. एकानं दुसऱ्याचा गळा चावला. दोघांत चावणारा कोण होता ते आता आठवत नाही.

पाण्याच्या चोरीबद्दल त्यांना कुणी बोललं तर सांग की आम्ही सगळ्यांनीच चोरलं असतं, बूच त्यांच्या हाताला आधी लागलं.

दादांनी तुला लिहू नको म्हणून सांगितलं आहे. त्यांचा राग धरू नकोस. त्यांना माझा जीव हवा आहे. जोतीरामला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी इथून पळणार नाही. २४ तारखेला मला सुटी मिळेल.

पत्र चांदसाहेबाच्या हाती पाठवतो. तोही होडीत होता, दाजींचे पाय त्यानंच धरले होते. तो म्हणाला की मी सोत्ता जातो, मला बी तिच्याफुडं हुबं ऱ्हायचं हाय. घड्याळ त्याच्याजवळ दिलं आहे. चालू आहे. काटा मी हलवलेला नाही.

आशीर्वाद मागत नाही.

अर्जुना

●

कडेगाव
ता. ११ मार्च १९४४

अर्जुनास,

चांदसाहेब आला. उंबऱ्याशी बसला, आत येईना. मी पत्र वाचलं आणि त्याला जेवायला वाढलं. तो जेवला नाही, मीही उठ म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत ताट तसंच होतं.

घड्याळ मी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचलं. चाकं वेगळी झाली.

घरात एवढंच सांगितलं की गेले. बांगड्या सासूबाईंनी फोडल्या. हाताला काच लागली, त्यांनीच चिंधी बांधली. कसे गेले हे जोतीरामभावजी रोज विचारतात. मी म्हणते की अर्जुना येऊन सांगेल.

मी सांगणार नाही. तुझ्या तोंडानं सांग. आलास तर ते तुला मारतील. जिवंत ठेवतील की नाही ते मला माहीत नाही. मी मध्ये पडेन असं वचन देत नाही. आला नाहीस तर मला भाऊ एकच होता असं समजेन.

बनू

●

कडेगाव
ता. २७ मार्च १९४४

ती. दादांना बनूचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही मला तीन आठवडे फसवलंत. पण त्याबद्दल मी भांडत नाही. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही.

अर्जुना आज आला. ताकारीहून चालत आला. पायात बूट होते ते परड्याच्या तोंडाशी काढले. तो आज येणार हे त्यानं कळवलं होतं, म्हणून मी सकाळीच उसात निरोप धाडला होता, जोतीरामभावजी कोयता घेऊन आले. मामंजी होते, सासूबाई होत्या. अर्जुना उभा राहून बोलला. दोन फटके, कानावर आणि डोक्यात. पाय कुणी धरले ते विचारलं, तर त्यानं नाव सांगितलं नाही. दाजी एकदा पाण्यातून वर आले होते आणि मी वल्हं पुढं केलं नाही, हेही सांगितलं. त्याचं बोलणं संपेपर्यंत भावजींनी थांबून ऐकलं. मग मुस्काटात मारली. तो पडला, तेव्हा लाथांनी बरगड्यांत मारलं, केस धरून गोठ्याच्या मेखेवर डोकं आपटलं. तो हात वर करत नव्हता. सासूबाई ओरडत होत्या की मार, मार. मामंजी तोंडावरचा सोगा काढून बघत होते.

भावजींनी कोयता उचलला तेव्हा मी आडवी झाले. वचन दिलं नव्हतं, पण झाले. मी म्हणाले की त्यानं दोन मारले आहेत, तुमीबी दोनच मारा, त्याच हातावर. तिसरा मारायचा असंल तर आदी माज्यावर मारा. भावजी म्हणाले की वयनी, तू कुणाच्या घरची? मी म्हणाले की ह्याच घरची, म्हणून मोजून देते.

घरातून मुसळ मी आणून दिलं. अर्जुनानं उजवा हात आपण होऊन पाट्यावर ठेवला. पहिल्या फटक्याला तो ओरडला नाही. दुसऱ्याला ओरडला. मनगटाच्या खाली हाड वर आलेलं मला दिसलं. भावजींनी मुसळ तिसऱ्यांदा उचललं. तेव्हा मी अर्जुनाचा हात बाजूला केला आणि माझा ठेवला. सांगितलं की घड्याळ मी पुढं केलं होतं, दहा मिनिटं माझी आहेत, यांनी माझ्या शपथेपायी कुणाला सांगितलं नाही. हे या घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग भावजींनी मुसळ पेंढीवर टाकलं आणि मळ्याकडं निघून गेले. जाताना म्हणाले की उद्या दिवस मावळायच्या आत ह्यो हितनं गेला पायजे.

हाड बसवणारा आला होता. बांबूच्या कामट्या बांधून गेला. म्हणाला की बोटं पुन्हा वळायची नाहीत. अर्जुनाला ताप आहे. गोठ्यात झोपवला आहे, घरात घेऊ देत नाहीत.

दादा, उद्या तुम्ही या आणि त्याला सांगलीला घेऊन जा. मी इथंच राहणार. त्याला मी माफ केलं आहे का असं विचारू नका. आठवणीतून मात्र मला काढू नका, या घरात आता माझ्याशी फार बोलतील असं वाटत नाही.

आपली,
बनू

ता. क. आज सकाळी पहिल्या गाडीनं सांगलीला जाणाऱ्या माणसाकडं पत्र देताना हे लिहिते. अर्जुनाचा ताप उतरला. गोठ्यात त्याला भाकरी नेऊन दिली. एका हातानं त्याला ती मोडता येईना. मी मोडून दिली.